श्री नावाची फाइल

प्रयोगशाळा परिचर असं माझ्या हुद्द्याचं नाव होतं. नाव ऐकून माणसाला ॲसिड, काचनळ्या, बरण्या असलं काहीतरी आठवतं. माझ्या प्रयोगशाळेत यातलं काही नव्हतं. एक लांबडी खोली, दोन्ही भिंतींना लागून टेबलं, टेबलांवर कॉम्प्युटर आणि मधल्या मोकळ्या जागेत मी. सोलापुरातल्या एका कॉलेजात नोकरीचा जवळजवळ सगळा काळ मी या खोलीत काढला आणि गेल्या वर्षी निवृत्त झाले. परिचर मला कुणी कधी म्हटलं नाही. मावशी म्हणत. कॉलेजात झाडू हातात असलेल्या प्रत्येक बाईचं नाव तेच असतं.

कॉम्प्युटर लॅबमध्ये झाडण्यासारखं असतं तरी काय, असं लोक विचारतात. ज्यांनी विचारलं त्यांचं घर विणकरांच्या पेठेत नसणार. आमच्या कॉलेजच्या मागे यंत्रमागांची वस्ती आहे. दिवसभर खडखडाट आणि हवेत कापसाचा तूस. डोळ्यांना दिसत नाही, पण कॉम्प्युटरच्या डब्यात एक पंखा असतो, तो हा तूस ओढून घेतो. पंधरा दिवस लक्ष दिलं नाही तर पंख्यावर बारकी चादर विणलेली सापडते. मग डबा तापतो आणि मे महिन्यातल्या दुपारी मशीन आपोआप बंद पडतं. तेव्हाच्या माउसच्या पोटात रबराची गोळी असायची. पोरांच्या हातांचा मळ त्या गोळीला चिकटायचा आणि पडद्यावरचा बाण अडखळायचा. ती गोळी काढून नखानं खरवडणं हे माझं शनिवारचं काम. शिवाय खरे उंदीर होते, त्यांना वायरी आवडत. लाइट गेली की कोकलणारी यूपीएसची पेटी होती, तिच्या बॅटरीत पाणी घालावं लागे. एवढं सगळं करायचं ते मशीन बंद असताना. चालू मशीनला हात लावायचा नाही, ही मला पहिल्या दिवशी मिळालेली ताकीद.

ताकीद नसती तरी मी लावला नसता. माहेर आणि सासर, दोन्ही गोंदियाकडचं. आठवीनंतर माझी शाळा सुटली. पुढची शाळा लांब होती आणि घरात सांभाळायला भावंडं होती, एवढंच कारण, त्यात सांगण्यासारखं काही नाही. लग्नानंतर नवरा टेंभुर्णीजवळच्या साखर कारखान्यात बॉयलरवर लागला, तिथून सोलापूरला टॉवेलच्या कारखान्यात आला आणि मी त्याच्या मागून. इथं ओळखीचं कुणी नव्हतं. माझी बोलीसुद्धा इथली नव्हती. मी 'पुसून राहिली', म्हणजे पुसतेय, असं म्हटलं की कॉलेजच्या पोरी विचारायच्या, "राहिली म्हंजे कुटं राहिली ओ मावशी?" आणि हसायच्या. वाईट हसायच्या नाहीत. पण मी हळूहळू कमी बोलायला लागले. आपल्या हातून इथलं काहीतरी मोडेल आणि आपल्याला परत पाठवतील, ही धाकधूक माझ्या मनात कायम होती. परत जायला जागा राहिली नव्हती, हे मला माहीत होतं.

त्या लॅबमध्ये संध्याकाळी बाहेरच्या लोकांसाठी एक वर्ग चालायचा. कॉम्प्युटरची तोंडओळख, अर्ज टाइप करणं, तक्ता आखणं, बेरीज, ईमेल, आणि शेवटी परीक्षा आणि प्रमाणपत्र. शिकवायच्या बिराजदार मॅडम. दुधनीच्या. घरी कानडी, वर्गात मराठी, आणि मशीन अडलं की पुन्हा कानडी.

या वर्गात येणारी माणसं बघण्यासारखी असत. वेळापूरचे एक निवृत्त शिक्षक होते, पाठक गुरुजी. मुलाकडे सोलापूरला राहायला आले होते. ते बोटानं कळ दाबत नसत, पेन्सिलीच्या मागच्या रबरानं दाबत, आणि टाइप करायचं वाक्य आधी मोठ्यानं म्हणत. त्यामुळे आजूबाजूचे चार जण नकळत त्यांचंच वाक्य टाइप करून बसत. अक्कलकोट रस्त्यावरचे एक भुसार व्यापारी होते, शिवलिंगप्पा. मशीन बेरीज करायच्या आत त्यांची तोंडी झालेली असे. मग पडद्यावरचा आकडा ते तपासत आणि मॅडमना सांगत, "बरोबर हाय. शिकायलंय हळूहळू." म्हणजे मशीन.

पण बहुतेकांचं पहिल्या दिवशी एकच व्हायचं. खुर्चीत बसत, हात मांडीवर ठेवत आणि मशीनकडे बघत राहत. शिकलेली, हिशेब जाणणारी माणसं, पण हात पुढे जात नसे. मॅडमनी यावर आपला एक उपाय शोधला होता. त्या विचारायच्या, "नवी वही आणली की पहिल्या पानावर सगळ्यात आधी काय लिहिता?" सगळे म्हणायचे, श्री. "मग इथंही तेच." एस, एच, आर, आय. चार कळा. तेच टाइप करायचं आणि त्याच नावानं फाइल सेव्ह करायची. त्या चार अक्षरांनी माणसाची भीती जायची, हे मी कित्येक वर्षं डोळ्यांनी पाहिलंय. रफिक नावाचा एक मुलगा होता, मोटारसायकलींच्या गॅरेजमध्ये काम करायचा. तोसुद्धा काही खळखळ न करता श्री टाइप करायचा. म्हणायचा, मॅडमने बोला तो बोला.

दुसऱ्या दिवशीही नवा कागद, आणि सेव्ह करायचं ते पुन्हा श्री नावानं. मशीन विचारायचं की या नावाची फाइल आधीच आहे, तिच्या जागी ही ठेवू का? सगळं इंग्रजीत. मॅडम सांगायच्या, "विचारलं तर घाबरायचं नाही, येस म्हणायचं." म्हणजे कालची मोडतोड पुसली जायची, आजची राहायची आणि मशीनमध्ये कचरा साठायचा नाही. साधी, सोयीची पद्धत होती. प्रत्येक मशीनची श्री वेगळी, त्यामुळे कुणाचं काही बिघडत नव्हतं. वर्ग संपेपर्यंत सगळ्यांच्या बोटांना सवय लागून जायची. काम झालं, श्री, येस, उठा.

मग एके वर्षी संस्थेनं ठरवलं की लॅबमध्ये एक परमनंट जागा भरायची. मी तोवर रोजंदारीवर होते. अट अशी आली की या जागेवरच्या माणसाकडे कॉम्प्युटरचं प्रमाणपत्र पाहिजे. जूनपर्यंत तसं माणूस मिळालं नाही तर लॅब एजन्सीच्या पोराकडे जाणार. त्याच सुमाराला टॉवेलचा कारखाना बंद पडला होता आणि नवरा घरी होता. प्राचार्यांनी मला बोलावून हे सांगितलं आणि वर म्हणाले, "तुमचं शिक्षण किती?" मी म्हटलं, आठवी. त्यांनी समोरचा अटीचा कागद पालथा ठेवला. वाईट माणूस नव्हते.

मॅडमना कळलं तेव्हा त्यांनी मला न विचारता वर्गात माझं नाव घातलं. संध्याकाळी मी नेहमीप्रमाणे लॅब उघडली, पंखे लावले आणि दाराशी माझ्या स्टुलावर बसले. मॅडम म्हणाल्या, "तिथं नाही मावशी, इथं बसा," आणि खुर्ची दाखवली. इतकी वर्षं मी ती खुर्ची पुसत होते. बसायला मला थोडा वेळ लागला. त्याआधी मी पुन्हा एकदा हात धुऊन आले.

कळफलक मला पाठ होता, पण तो पुसणाऱ्याला असतो तसा. कुठली कळ सैल, कुठल्या मशीनची लांब कळ चिकटते, कुठल्या अक्षराचा रंग उडालाय, सगळं माहीत. दाबल्यावर काय होतं तेवढं माहीत नव्हतं. माझ्या शेजारी पद्मा बसायची. तेलुगू विणकरांच्या घरातली, बारावी झालेली. आई विड्या वळायची. एका खासगी हॉस्पिटलात तिला रिसेप्शनवर घेतो म्हणाले होते, पण परीक्षा पास झाल्याचा कागद आणल्यावर. मला शिकवण्याचं काम तिनं आपण होऊन अंगावर घेतलं. "मावशी, हळू मारा की. ते काय पापड लाटायलाय का?" असं म्हणायची. मी कळ दाबून धरायचे आणि पडद्यावर एकाच अक्षराची रांग लागायची. ती न कंटाळता पुसून द्यायची.

मला इंग्रजी वाचता येई, म्हणजे अक्षरं लागत, अर्थ लागे न लागे. परीक्षेत इंग्रजी अर्ज बघून बघून टाइप करायचा असे, त्यामुळे अर्थावाचून अडत नव्हतं. खाली आपलं नाव घालायचं आणि त्याखाली पाच रकान्यांचा एक तक्ता, शेवटी बेरीज. अर्ज मला जमू लागला. तक्त्याला वेळ लागे. तक्ता आखताना माझा माउस थरथरायचा आणि रेघ भलतीकडे जायची. पण व्हायचा शेवटी.

परीक्षेचा दिवस उन्हाळ्यातला होता. परीक्षक बाहेरगावचे, किडकिडीत, गळ्यात नॅपकिन घालून आलेले. त्यांना संध्याकाळची बस गाठायची होती, हे त्यांनी आल्याआल्याच सांगितलं. सूचना इंग्रजीत आणि एका दमात वाचल्या. त्यातली महत्त्वाची अशी होती की आज फाइल आपापल्या मशीनवर ठेवायची नाही, मॅडमच्या टेबलावरच्या मुख्य मशीनमध्ये परीक्षेचं एक फोल्डर उघडलंय, त्यात ठेवायची. सगळ्यांनी त्या एकाच फोल्डरमध्ये. आणि नाव द्यायचं ते आपल्या बैठक क्रमांकाचं. परीक्षा चालू असताना वर्गाच्या शिक्षकांनी बोलायचं नाही, असा नियम. मॅडम दाराजवळ माझ्या स्टुलावर बसून होत्या.

मला चार नंबरचं मशीन आलं, लांब कळ चिकटणारं. मी सावकाश केलं. एकेक जण उठून मागच्या बाकावर जाऊन बसत होता. शेवटी खोलीत टकटक चालू होती ती माझी एकटीची. तक्ता झाला, बेरीज झाली, तीनदा बघितली. मग सेव्ह करायला गेले. फोल्डर समोर होतंच. एस, एच, आर, आय. मशीननं विचारलं. मी येस म्हटलं. मला वाटलं, रोजचंच.

परीक्षकांनी मुख्य मशीनवर फोल्डर उघडलं आणि बराच वेळ बघत राहिले. मग मॅडमना बोलावलं. मॅडम वाकून बघायला लागल्या आणि कानडीत काहीतरी पुटपुटल्या. तेव्हाच मला कळलं की काहीतरी अडलंय.

फोल्डरमध्ये पाठक गुरुजींची फाइल होती, नंबरची. आणखी तिघा-चौघांच्या होत्या, नंबरच्या. आणि एक श्री. बाकी काही नव्हतं. एवढ्या खोलीभर माणसांनी अर्ज टाइप केले, तक्ते आखले, बेरजा केल्या आणि प्रत्येकानं शेवटी आधीच्याच्या जागी आपला ठेवून येस म्हटलं. दोघींना तर मशीननं आधी नकार दिला होता, म्हणजे नेमकं तेव्हा दुसरं कुणीतरी तीच फाइल उघडून बसलं होतं. त्या बिचाऱ्या थांबल्या, पुन्हा दाबलं आणि ते झालं. मॅडमनी मशीनमधला कचऱ्याचा डबा उघडून बघितला. तोही रिकामा. जिची जागा दुसरीनं घेतली ती फाइल कचऱ्यात जात नाही, ती कायमचीच जाते.

परीक्षकांनी श्री उघडली. अर्जाखालचं नाव वाचलं. माझं होतं.

"ह्या बाई कोण?" त्यांनी विचारलं.

मागच्या बाकावरून रफिक म्हणाला, "क्या मौसी, पूरी बॅच पे झाडू मार दिए की." सगळे हसले. मीसुद्धा हसले असेन, कारण तेव्हा मला एवढंच समजलं होतं की माझी फाइल आहे. नंतर हसू थांबलं, कारण बाकीच्यांना आपली नाही हे समजलं.

परीक्षक चिडले नाहीत. त्यांनी असला प्रकार पाहिला नव्हता, एवढंच म्हणाले. मग दोन रस्ते सांगितले. एक म्हणजे आहे तसं पाठवायचं. ज्यांच्या फाइली आहेत त्यांचा निकाल लागेल, बाकीचे गैरहजर, ते पुढच्या परीक्षेला बसतील, सहा महिन्यांनी. दुसरा रस्ता, परीक्षा आत्ताच पुन्हा. पण एका बॅचची एकच सीडी जाते आणि ती एकाच बैठकीची असावी लागते. काहींच्या पहिल्या फाइली आणि काहींच्या दुसऱ्या, असं चालत नाही. म्हणजे पुन्हा घ्यायची तर सगळ्यांनी बसायचं आणि ज्यांच्या फाइली आहेत त्यांनी त्या आपल्या हातानं काढून टाकायच्या. त्यांची हरकत असेल तर विषय संपला. "आणि वेळ कमी मिळेल," ते म्हणाले. "माझी बस आहे."

पाठक गुरुजी लगेच उठले. "पुन्हा लिहू की, त्यात काय," असं म्हणत पेन्सिलीच्या रबरानं त्यांनी आपली फाइल काढली. बाकीच्या तिघाचौघांनीही काढल्या. ती हुशार पोरं होती, त्यांचं अर्ध्या वेळातही झालं असतं.

मी माझ्या चार नंबरच्या मशीनवर बसून होते. पडद्यावर फोल्डर उघडं होतं आणि त्यात आता एकच फाइल. परीक्षक म्हणाले, बाकीच्यांनी जरा बाहेर थांबा, बाईंना ठरवू द्या. कुणी हललं नाही. ऐकलं नाही की ऐकून हलले नाहीत, कोण जाणे.

मॅडम माझ्याजवळ आल्या. म्हणाल्या, "मावशी, तुमच्यावर कसलीही जबरदस्ती नाही. तुमचं काम पणाला लागलंय, मला माहितेय." त्यांचा आवाज नेहमीसारखा नव्हता. पद्धत त्यांची होती आणि त्यांना ते कळून चुकलं होतं. मागून कुणीतरी म्हणालं, "त्यांची नोकरी हाय, आन आमचं काय रिकामं हाय व्हय?" कुणीतरी त्याला गप्प केलं. रफिक म्हणाला, "मौसी, हमारा मत सोचो." त्यानं ते मनापासून म्हटलं होतं आणि त्यामुळे जास्त अवघड झालं. पद्मा माझ्या शेजारच्या मशीनच्या कळफलकाकडे बघत होती.

मी हिशेब केला, तो असा. अर्ज मला कमी वेळातही जमेल. तक्ता जमणार नाही. तक्ता नसेल तर पास होण्याइतके मार्क पडणार नाहीत. त्यात चिकटणारी कळ.

"अकरा नंबरचं मशीन मिळंल का?" मी विचारलं. एवढंच तोंडातून निघालं. अकराची कळ हलकी होती, मीच साफ करायचे. त्यावर रफिक बसला होता. तो उठून बाजूला झाला. "लो मौसी. सोने का मशीन."

मग मी फाइलवर बाण नेला आणि काढून टाकायची कळ दाबली. मशीननं विचारलं. मी येसवर बाण नेला आणि थांबले. इतक्या दिवसांत मशीन काय विचारतंय ते मी वाचलं नव्हतं. तेव्हा वाचलं. आपल्या मशीनवरची फाइल काढली की ती कचऱ्याच्या डब्यात जाते, पण दुसऱ्या मशीनमधली आपण इथून काढली की डब्यात जात नाही, आणि म्हणून मशीन वेगळ्या शब्दांत विचारतं. त्या वाक्यातला एकच शब्द मला नीट ओळखीचा होता, परमनंट. तो मला नोकरीच्या माझ्या अर्जावरून माहीत होता.

दाबलं.

खोलीत कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. सगळे घाईघाईनं आपापल्या मशीनवर जाऊन बसले, कारण वेळ सुरू झाली होती. परीक्षकांनी या वेळी नंबरची सूचना मराठीत सांगितली, दोनदा. मी अकरा नंबरवर अर्ज पुरा केला. कळ चांगली चालली. तक्त्याचे तीन रकाने झाले आणि वेळ संपली.

घरी नवऱ्याला सांगितलं तेव्हा तो जेवत होता. म्हणाला, "काहून दाबली?"

मी म्हटलं, "सारे पाहून राहिले होते."

त्यानं पुढचा घास घेतला. मग म्हणाला, "मग आता?"

"आता काय."

एवढंच बोलणं झालं. त्या विषयावर आम्ही नंतरही फार बोललो नाही. भांडणही झालं नाही.

निकाल लागला. बॅच जवळजवळ सगळी पास झाली. मी नापास झाले, आणि थोडक्यात नापास झाले असंही नाही. पद्मा पेढे घेऊन लॅबमध्ये आली. मला द्यावा की नाही, हे तिला कळेना. हातात पुडा धरून उभी राहिली. मीच पुड्यातला एक घेतला आणि खाल्ला. चांगला होता.

जूनमध्ये एजन्सीचा मुलगा आला. मला काढून टाकणार होते, पण मॅडमनी प्राचार्यांकडे शब्द टाकला. शब्द टाकला म्हणजे नेमकं काय बोलल्या ते मला कधी समजलं नाही, पण मी राहिले. लॅबऐवजी मला खालचा मजला आणि स्वच्छतागृहं मिळाली. लॅबची किल्ली त्या मुलाकडे गेली. तो कामाला वाईट होता असं म्हणायला मला आवडलं असतं, पण तसं नव्हतं. त्याच्याकडे हवा मारायचं यंत्र होतं. माझ्या हाताला अर्धा दिवस लागायचा ते तो चहाच्या आधी उरकायचा.

संध्याकाळी मात्र मॅडम मला वर्गात बसू द्यायच्या. स्वच्छतागृहं उरकून, अंघोळ करून, साडी बदलून मी जायचे. वर्गाची पद्धत त्यांनी बदलून टाकली होती. श्री लिहायचं ते कागदाच्या डोक्यावर, फाइलचं नाव ज्याचं त्याचं. आणि येस दाबायच्या आधी मशीन काय विचारतंय ते मोठ्यानं वाचायचं. नव्या लोकांची भीती जायला त्यामुळे जास्त दिवस लागायला लागले, हेही खरं. ती चार अक्षरं फार सोपी होती. मॅडमना त्याचं वाईट वाटे, पण त्या परत जुन्या पद्धतीकडे गेल्या नाहीत.

पुढच्या परीक्षेत मी पास झाले. मार्क सांगण्यासारखे नाहीत. एजन्सीचा मुलगा तात्पुरताच होता, परमनंट जागा भरायला संस्थेला नेहमीप्रमाणे उशीर झाला होता, आणि आयुष्यात एकदा तरी कुणाच्या उशिराचा फायदा मला झाला. ऑर्डर मिळाली. त्यानंतर निवृत्त होईपर्यंत मी लॅबमध्ये होते. चालू मशीनला हात लावायची मला मग परवानगी होती. संध्याकाळच्या वर्गात नवं कुणी हात मांडीवर ठेवून बसलं की मॅडम मला पाठवायच्या. मी शेजारी बसायचे आणि काही शिकवायचे नाही. आधी माझंच नाव हळूहळू टाइप करून दाखवायचे. माझी बोटं बघून माणसाला धीर यायचा. एवढं हळू तर आपल्यालाही जमेल, असं त्यांना वाटत असणार.

बिराजदार मॅडमचे आभार मानायचे राहून गेले. त्या बदली होऊन गेल्या तेव्हा मी त्यांच्यासाठी डबा करून नेला होता, पण बोलले नाही. बोलायला गेले की अजूनही माझं 'राहिली' मधे येतं आणि मला संकोच वाटतो. म्हणून इथं लिहिते.

मध्यंतरी नवऱ्याच्या तपासण्यांसाठी एका हॉस्पिटलात गेले होते. बिलाच्या खिडकीत पद्मा बसलेली. आता ती तिथं पोरींवर देखरेख करते, चष्मा लागलाय. तिनं मला ओळखलं, आत बोलावलं, चहा मागवला. इकडचं तिकडचं झाल्यावर एकदम म्हणाली, "मावशी, एक बोलू का? त्या दिवशी तुमच्या जागी मी असते ना, तर मी न्हाई दाबलं असतं."

मी तिला खरं ते सांगितलं. म्हटलं, खोलीत एकटी असते तर मीही दाबलं नसतं.

पद्मानं माझ्या कपात उरलेला चहा ओतला. म्हणाली, "म्हाईत होतं आमाला. म्हणून तर कुणी भाईर गेलं न्हाई."